घरात आजारपण असताना मुलांची घरशाळा: आमचा आठवडा आणि त्यामागचं गणित

मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे साडेपाचला आमच्या भांडुपच्या घरात दिवा लागायचा. ह्यांची डायलिसिसची (किडनी निकामी झाल्यावर मशीनने रक्त गाळण्याची) पहिली शिफ्ट असायची आणि साडेसहाला सेंटरवर पोचायचं असायचं. चार तास मशीनवर, मग सुया काढून रक्त थांबेपर्यंत बसायचं आणि रिक्षाने घरी यायचं. साडेअकराला हे आडवे व्हायचे ते दोनपर्यंत उठायचे नाहीत. डायलिसिस सुरू झालं त्याच वर्षी धाकट्याचा दमा वाढला. जुलै-ऑगस्टमध्ये तो शाळेत जेमतेम निम्मे दिवस गेला असेल. उरलेले दिवस रात्री नेब्युलायझर आणि सकाळी झोप. मोठीला शाळेतून आणायला कुणी नसायचं म्हणून तिच्याही दांड्या वाढल्या. मार्च संपताना दोन्ही प्रगतिपुस्तकं समोर ठेवून आम्ही ठरवलं की काही काळ दोघांना घरीच शिकवायचं. मोठी तेव्हा दुसरी पास झाली होती, धाकटा पहिलीत जायचा होता. पुढची दोन वर्षं आमची घरशाळा चालली.

मी शिक्षिका नाही. घरी ब्लाउज शिवते. घर वन रूम किचनचं, त्यात सासूबाई धरून आम्ही पाचजण. एवढ्या जागेत आणि एवढ्या धावपळीत काय जमलं आणि काय जमलं नाही ते सविस्तर लिहिते. ज्यांच्याकडे किमो चालू आहे, घरात कुणाला पक्षाघात झाला आहे, किंवा मूल स्वतःच थॅलेसेमियासाठी दर काही आठवड्यांनी रक्त घ्यायला जातं, त्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल. औषधपाण्याचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

नाव काढण्याआधी शाळेशी बोला

आम्ही घाई केली, तुम्ही करू नका. आधी डॉक्टरांचं पत्र घ्या. आजाराचं नाव, किती महिने त्रास राहील आणि मुलाने गर्दीत जाऊ नये किंवा घरच्यांना सोडणं-आणणं शक्य नाही असं जे असेल ते त्यात स्पष्ट हवं. ते घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा: आठवड्यातून दोन-तीन दिवस यायला चालेल का, गृहपाठ व्हॉट्सअॅपवर मिळेल का, आणि सहामाही-वार्षिक परीक्षेला बसू द्याल का. काही शाळा एवढं करतात. नाव पटावर राहिलं तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. आम्हाला मात्र "हजेरी भरत नसेल तर नाव कमी करून घ्या" असं ऐकायला मिळालं आणि मीही तिथेच हो म्हणून आले. आठ दिवस थांबून पुन्हा गेले असते, वर्गशिक्षिकांना आधी भेटले असते, तर कदाचित वेगळं झालं असतं.

कायद्याचं थोडं समजून घ्या, कारण नातेवाईक सगळ्यात आधी तेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे आणि १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. घरशाळेची वाट त्या कायद्यात आखलेली नाही, पण पालकांना शिक्षा करण्याची तरतूदही त्यात नाही. आपल्या कामाचं कलम ४ आहे: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला परत येताना त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. कलम ५नुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना तर २०१२च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिलेला आहे. आणखी एक गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे अशा मुलांच्या पालकांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

नाव काढलंच तर शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जन्मतारीख, आईचं नाव, जनरल रजिस्टर क्रमांक आणि विद्यार्थ्याचा सरल क्रमांक (राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला) तिथेच वाचून बघा. आमच्या दाखल्यावर धाकट्याच्या नावातली वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करायला मला दोन फेऱ्या पडल्या.

एक फाइल करा: दाखला, जुनी प्रगतिपुस्तकं, डॉक्टरांची पत्रं, दर महिन्याची मुलांच्या हातची चार-पाच पानं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आमच्या दारात दोन शिक्षिका आल्या होत्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी पानं उलटली, चहा घेतला आणि जाताना मोठीला भागाकाराची एक युक्ती शिकवून गेल्या.

आठवडा घरातली ताकद बघून बांधा

पहिल्या महिन्यात मी शाळेचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. आठ ते नऊ मराठी, नऊ ते दहा गणित. चौथ्या दिवशी ते बंद पडलं आणि त्याचं दुःख मी मुलांवर काढलं.

मग मी दोन आठवडे फक्त नोंद केली. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी घरात कुणाच्या अंगात किती त्राण आहे, एवढंच लिहिलं. हे तुम्हीही आधी करा. आमच्या नोंदीतून दिसलं ते असं. डायलिसिसच्या दिवशी दुपारी घर शांत हवं असतं. बुधवार-शुक्रवारची सकाळ सगळ्यात चांगली. आणि सोमवार सगळ्यात वाईट, कारण शनिवारनंतर थेट मंगळवारी मशीन, म्हणजे मध्ये दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं. पाय सुजतात, धाप लागते, माणूस चिडचिडा होतो. मी मात्र महिनाभर "आठवड्याची सुरुवात जोरात" म्हणून सोमवारीच नवा धडा काढत होते!

त्यानंतरचा आठवडा असा बसला. नवीन गणित आणि नवीन व्याकरण फक्त बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी. मंगळवार, गुरुवार, शनिवारी सकाळी मुलं सासूबाईंबरोबर, म्हणजे तोंडी काम: पाढे, कविता, आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवणं. दुपारी हे झोपलेले असताना आवाज न करता लिखाण. सोमवारी फक्त उजळणी किंवा मुलांना घेऊन बाहेर. रविवारी काही नाही.

किती तास? पहिलीच्या मुलाला दिवसाला सव्वा-दीड तास आणि तिसरी-चौथीच्या मुलीला दोन-अडीच तास आम्हाला पुरले. शाळेच्या पाच-सहा तासांत चाळीस मुलांची हजेरी, वह्या तपासणं, रांगा हे सगळं असतं. समोर एकच मूल असेल तर तेवढा वेळ लागत नाही. तुमच्याकडे किमोचं चक्र असेल तर आठवड्याऐवजी त्या चक्राचा कागद करा. औषध दिल्यानंतरचे कोणते दिवस जड जातात हे दोन चक्रांत कळतं.

श्रीखंडाचे दोन डबे

आजारी घरात अभ्यास मोडतो तो मध्येच. गणित अर्ध्यावर असतं आणि सेंटरमधून फोन येतो की प्रेशर पडलंय, या. परत येईपर्यंत मूल सगळं विसरलेलं असतं आणि आपणही.

उपाय साधा आहे. रविवारी रात्री मी दोघांची बालभारतीची पुस्तकं घेऊन बसायचे आणि आठवड्याच्या धड्यांचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे चिठ्ठ्यांवर उतरवायचे. प्रत्येक चिठ्ठी स्वतःपुरती पूर्ण हवी. "धडा पाचवा करणे" ही चिठ्ठी नाही. "धडा पाचवा, पहिला परिच्छेद मोठ्याने वाच आणि त्यातली तीन नामं लिही" ही चिठ्ठी. पुढचे सहा तास घर उलटंपालटं झालं तरी तेवढं काम झालेलं असतं.

चिठ्ठ्यांसाठी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे. एका डब्यावर "आई हवी" आणि दुसऱ्यावर "आई नको". नवीन भागाकार आई हवीमध्ये. सातचा पाढा उलटा म्हणणं, शुद्धलेखनाच्या पाच ओळी, नकाशात रायगड जिल्ह्याला लागून असलेले जिल्हे शोधणं, हे सगळं आई नकोमध्ये. दुसरा डबा कायम भरलेला ठेवा. माझ्या हातात औषधाचं बिल आणि कानाला फोन असायचा तेव्हा मुलं आपापली चिठ्ठी काढून बसायची. मी ओरडायचे नाही, त्यांना विचारावं लागायचं नाही. संपलेल्या चिठ्ठ्या सुईदोऱ्यात ओवून खिडकीला माळ टांगायची, हे धाकट्याने स्वतःच सुरू केलं.

सोबत एक दोनशेपानी वही, नाव "कुठवर आलो". रोज प्रत्येकासाठी एकच ओळ: तारीख, काय झालं, कुठे अडलं. "१२ ऑगस्ट. हातच्याची वजाबाकी, दशकाचा हातचा विसरतो." ही वही माझ्यासाठी कमी आणि इतरांसाठी जास्त होती. माझी बहीण आली, शेजारच्या काकू बसल्या, तर वहीची शेवटची ओळ वाचून त्या पुढे नेऊ शकायच्या.

पुस्तकांवर खर्च करू नका. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. छापील पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अॅपवर उघडतो. आम्ही फोनवरचं रोज पंधरा मिनिटांपुरतं ठेवलं, तेही माझ्या शेजारी बसून.

आजारी माणूसही शिक्षक असतो

हे छापखान्यात होते, सव्वीस वर्षं. उभं राहण्याचं काम सुटल्यावर "मी आता काय कामाचा" हे दिवसातून चारदा म्हणायचे. त्यांची नजर अजून मुद्रितशोधकाची आहे, म्हणून मी त्यांना मराठी दिलं.

बुधवारी सकाळी हे गादीवर टेकून बसायचे आणि लोकलमध्ये किंवा दारावर मिळालेली जाहिरातपत्रकं मुलांसमोर टाकायचे. शुद्धलेखनाच्या चुका शोधा, एका चुकीला एक शेंगदाणा. कुठे "हार्दीक" लिहिलेलं, कुठे "प्रसिध्द". वेलांटी पहिली की दुसरी, यावर इतका आरडाओरडा व्हायचा की सासूबाई आतून हाक मारायच्या.

दुसरी गोष्ट आपोआप जमली. चार तास मशीनवर असताना ह्यांचा एक हात सुयांमुळे अडकलेला असतो, दुसरा मोकळा. एका गुरुवारी मोठीने तिचा धडा मोठ्याने वाचून माझ्या फोनवर रेकॉर्ड केला आणि बाबांना पाठवला. पंधरा मिनिटांनी त्यांचा आवाज आला, मागे मशीनची पिपाणी चालू: "छान वाचलंस. पण तू 'आर्शिवाद' म्हणालीस. रफार कुठे आहे ते बघ, आणि शब्द पुन्हा वाचून पाठव." ती पुस्तकात डोकं खुपसून बघत राहिली. मग तिने "आशीर्वाद" सात वेळा म्हणून पाठवला. त्या दिवसापासून दर डायलिसिसला पाच मिनिटांचं वाचन जायचं आणि दुरुस्ती यायची. धाकटा आधी फक्त खोकायचा, मग तोही वाचायला लागला.

तुमच्या घरातल्या आजारी माणसाला जे येतं तेच मागा. बोलता येत असेल तर गोष्टी, बोलण्याचा त्रास होत असेल तर बुद्धिबळ. त्यांना दम लागला की तास तिथेच संपतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. शिवाय एक नियम कडक हवा. ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हाताला लटकायचं नाही, तो ओढायचा नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. आमच्या धाकट्याने तो हात बोटाने हलकेच चाचपून त्यातली थरथर अनुभवली, मग त्याला कारण सांगावं लागलं नाही.

आजारातून काय शिकवायचं आणि काय नाही

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे मी चुकले.

ह्यांना डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच्या आत पाणी सांगितलं होतं, चहा-आमटी धरून. अंगात एक लिटर पाणी साठलं की वजन साधारण एक किलोने वाढतं. मला वाटलं, वा, लिटर-मिलिलिटर, किलो-ग्रॅम शिकवायला याहून चांगलं काय? मोठीला वही दिली. सकाळी बाबांचं वजन आणि दिवसभरात त्यांनी प्यायलेलं पाणी तिने लिहायचं, रात्री बेरीज करायची. बेरीज झकास जमायला लागली.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी हे ओट्याशी उभे राहून पाणी पीत होते. ती आतून धावत आली. "बाबा, सातशे पन्नास झालेत, आता दोनशे पन्नासच उरलेत, ठेवा तो पेला!" पेला त्यांच्या हातून तिने काढून घेतला. आवाज चढलेला आणि डोळ्यांत पाणी. रात्री मला विचारलं, "मी लिहायला विसरले आणि बाबांनी जास्त पाणी प्यायलं, तर माझ्यामुळे होईल का?"

आठ वर्षांची मुलगी. मी ती वही त्याच रात्री माझ्याकडे घेतली. पाण्याचा हिशेब हे माझं आणि बाबांचं काम आहे, तुझं नाही, असं तिला दोन-तीन वेळा सांगावं लागलं. लिटर-मिलिलिटर मग खिडकीतल्या पावसावर शिकवलं. कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पट्टी चिकटवली आणि रोज सकाळी मिलिमीटर वाचले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे कळल्यावर दोघांनी आमच्या खोलीच्या फरश्या मोजल्या आणि तेवढ्या जागेवर किती बादल्या पडल्या असत्या याचं गणित रात्रीपर्यंत चाललं.

धाकट्याचं मात्र वेगळं होतं. त्याचा दमा हे त्याचं स्वतःचं शरीर, ते त्याने ओळखायलाच हवं. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजायचं साधन, दिलं होतं. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावून एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ तो स्वतः आलेखाच्या कागदावर टिंब काढायचा आणि पट्टीने रेघ जोडायचा. पहिलीतला मुलगा आलेख काढतो हे बघून डॉक्टरसुद्धा हसले. त्याचा सर्वोत्तम आकडा २०० होता. त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर हिरवा पट्टा, पन्नास ते ऐंशी पिवळा, पन्नासच्या खाली लाल, आणि कुठल्या पट्ट्यात काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं. मोठीने पाच भाग करून चार घेतले: १६०. शेकडेवारी तिच्या पुस्तकात यायला अजून वेळ होता. दिवाळीत फटाक्यांच्या दुसऱ्या सकाळी रेघ खाली कोसळलेली त्याला स्वतःला दिसली आणि पुढच्या दिवाळीत त्याने फुलबाज्याही मागितल्या नाहीत.

तेव्हा पारख अशी ठेवा: चूक झाली तर मोठ्या माणसाच्या जिवाला धोका आहे असं कुठलंही काम मुलाकडे देऊ नका, ते कितीही शैक्षणिक वाटलं तरी. औषधाच्या वेळा लक्षात ठेवणं, रात्री उठून बघणं, पथ्यावर नजर ठेवणं ही मोठ्यांची कामं. पाणी आणून देणं, उशी सरळ करणं, वर्तमानपत्र वाचून दाखवणं ही मुलांची.

बाहेर पडायचे दिवस

घरशाळेत मुलं घरात कोंडली जातात, आणि आजारी घरात तर जास्तच. आमच्या सोमवारच्या फेऱ्या त्यासाठी. सरकारी सुट्टी सोडली तर सोमवारी गर्दी कमी असते, फक्त कोणती जागा कोणत्या वारी बंद असते ते आधी बघून ठेवा, संग्रहालयांना साप्ताहिक सुट्टी असते.

मुंबईत पैसे न घालता बरंच मिळतं. लोकलच्या प्रत्येक स्टेशनची पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असते. धाकटा इंग्रजी अक्षरं भांडुप ते दादर या प्रवासात शिकला. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट, म्हणून खिडकीवर किती द्यायचे आणि किती परत येणार हे मोठीने सांगायचं. दादर चौपाटीवर आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता केला. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोज ती पन्नासेक मिनिटं उशिरा येते, हे वर्तमानपत्रातल्या वेळा महिनाभर कापून चिकटवल्यावर दोघांनी स्वतःच शोधलं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र वर्षातून दोनदा तरी दाखवावं. राणीच्या बागेत झाडांवरच्या पाट्या वाचत फिरलात तर प्राण्यांइतकाच वेळ जातो. वाचनालय जवळचंच निवडा. लांबचं कितीही मोठं असलं तरी आजारपणात पुस्तक परत करणं होत नाही.

मित्रांचं काय? हा प्रश्न खरा आहे, त्याला मी सोपं उत्तर देणार नाही. मोठी पहिल्या वर्षी एकटी पडली. संध्याकाळी पाच ते साडेसहा खाली खेळायला पाठवणं, मग घरात काहीही चालू असो, हा नियम आम्ही उशिरा केला. तो पहिल्या दिवशीच करा. किमो किंवा ट्रान्सप्लांटनंतर घरातल्या माणसाला संसर्गाचा धोका असेल तर मुलांनी कुणात मिसळावं आणि घरी आल्यावर काय काळजी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, म्हणजे मुलाला रोज नवा नकार मिळत नाही.

अचानक अॅडमिट करावं लागलं तर

दाराच्या मागे मुलांची वेगळी पिशवी तयार ठेवा: दोन दिवसांचे कपडे, दम्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी), औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, फोन नंबर लिहिलेला कागद, एक आवडतं पुस्तक, "आई नको" डबा. मुलं कुणाकडे जाणार हे आधीच ठरलेलं हवं. आमची डोंबिवलीला मामाकडे जायची. १०८ला फोन कसा करायचा, पत्ता कसा सांगायचा, जवळची खूण कोणती, हे आम्ही नाटक करून घेतलं होतं. मोठीला "गणपती मंदिराच्या समोरची गल्ली" आणि "गणपती मंदिराच्या मागची गल्ली" यातला फरक सांगता येईपर्यंत.

दुसऱ्या वर्षी हे नऊ दिवस आत होते. त्या नऊ दिवसांच्या रकान्यात वहीत मी "सुट्टी" लिहिलं. परत आल्यावर राहिलेलं भरून काढायला बसवू नका. पहिले दोन दिवस फक्त जुनी उजळणी घ्या, मूल तेवढ्यात रुळावर येतं. ते बोलत नसेल, झोपेत ओरडत असेल, किंवा तुम्हालाच सकाळी उठवत नसेल, तर मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी एकदा केला होता. बरं वाटलं.

मुलं मोठी असतील तर

दहावीपर्यंत घरीच राहावं लागलं तरी वाटा आहेत. राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरतात, त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून वर त्याबद्दल एवढं लिहिलं. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीचीही परीक्षा असते. पाचवीला वय किमान १० आणि आठवीला १३ हवं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी १४ पूर्ण झाल्यावर देता येते आणि त्यात मराठी माध्यमही आहे. आजारी घरासाठी मला ही तिसरी वाट सगळ्यात सोयीची वाटते. निदान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी. म्हणजे दोन विषय आत्ता, बाकीचे घर सावरल्यावर. तारखा आणि फी संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा, एजंटाकडे जाऊ नका.

शाळेत परत जाताना

धाकट्याची रेघ सलग सहा महिने हिरव्यात राहिली, ह्यांना दुपारची शिफ्ट मिळाली, आणि आम्ही दोघांना परत घालायचं ठरवलं. मोठीला पाचवीत आणि धाकट्याला तिसरीत वयानुसार प्रवेश मिळाला. पाचवी आणि आठवीच्या शेवटी आता वार्षिक परीक्षा असते, म्हणून त्यापुढच्या वर्गात मूल परत येणार असेल तर काय लागेल हे जानेवारी-फेब्रुवारीतच शाळेला विचारा.

मे महिन्यात सवय लावा. सकाळी सातला उठणं, पस्तीस मिनिटं एका जागी बसणं, फळ्यावरचं उतरवून घेणं. आमच्या मुलांना लिहिण्याचा वेग कमी पडला, कारण घरी कुणी घाई करत नव्हतं. रोज दहा ओळी घड्याळ लावून उतरवायला दिल्या, तीन आठवड्यांत फरक पडला. मोठीला दुसरीच भीती होती: मी शाळेत असताना बाबांना काही झालं तर? तिच्या नव्या वर्गशिक्षिकांना मी एक पानी पत्र दिलं. घरी कोण आजारी आहे, कधी सेंटरला जातात, आणि मधल्या सुट्टीत तिला एकदा घरी फोन करू द्यावा ही विनंती. त्या पहिले दोन आठवडे रोज स्वतःचा फोन द्यायच्या. तिसऱ्या आठवड्यात मोठीनेच मागायचं बंद केलं.

धाकट्याच्या दप्तरात पंप आणि स्पेसर, वर मार्करने नाव आणि वर्ग. पंप कधी आणि किती वेळा घ्यायचा ते डॉक्टरांच्या सहीनिशी एका कागदावर, त्याची एक प्रत वर्गशिक्षिकांकडे, एक शाळेच्या ऑफिसात, एक पीटीच्या सरांकडे. पीटीच्या सरांना विसरू नका, धाप लागते ती मैदानावर.